उसातलं बेट

"उसात कशाला शिरतेस?" सबनीस सर फोनवर म्हणाले. "मोकळ्या जमिनीवर घे ना पॉइंट. सडक आहे, शाळेचं मैदान आहे, माळ आहे. नियमात बसतं ते."

"मोकळ्या जमिनीवर घेतलेत, सर. तिथं उंचीचं मॉडेल बरोबर आहे. वीतभरसुद्धा चूक नाही."

"मग झालं की."

"उसात चूक असणार."

सबनीस सर आमच्या कंपनीचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण तोही माझ्याइतकाच थकलेला होता. नदीकाठची गावं संपता संपत नव्हती.

"तुमचं रान त्याच गावात ना गं?"

"हो."

"बघ बाई. ज्या रानात मोजशील तिथली उंची तुझ्या वाचनावरून दुरुस्त करून घेऊ. जिथं मोजणार नाहीस तिथं आहे ती राहील. तुझं तू ठरव. आणि आता ऊन लागू देऊ नकोस, आवाज बसलाय तुझा."

फोन ठेवला आणि मोरीच्या कठड्यावर बसून राहिले. दिवाळी नुकतीच झाली होती. कारखाने सुरू व्हायचे होते, त्यामुळे तोडी नव्हत्या आणि सडकेच्या दोन्ही अंगांना नजर जाईल तिथवर ऊस उभा होता. समोर तीन पायांच्या तिकाटण्यावर लेव्हलची दुर्बीण, आणि तिच्यापलीकडे कंपनीची उंची मोजायची जुनी लाकडी पट्टी खांद्यावर टाकून उभे असलेले माझे वडील.

"काय म्हणतोय तुझा साहेब?" अण्णांनी विचारलं.

"उसात जाऊ नको म्हणतोय."

"शहाणा आहे." अण्णा म्हणाले, आणि पट्टी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

काम काय होतं ते सांगायला हवं. मोठ्या पुरानंतर नदीकाठच्या गावांच्या नकाशांवर पूररेषा आखायचं ठरलं होतं. निळ्या रेषेच्या आत जे येईल तिथं घर बांधायला परवानगी नाही. पाणी कुठवर येईल हे जमिनीच्या उंचीवरून ठरतं, आणि एवढ्या मुलखाची उंची कोण मोजत बसणार? म्हणून उपग्रहाच्या फोटोंवरून संगणकात उंचसखलपणाचं एक मॉडेल तयार केलं होतं. ते खरं बोलतं की नाही, हे जागेवर जाऊन पडताळायचं एवढंच माझं काम.

उमळगावच्या नकाशावर एक बेट दिसत होतं. सगळीकडे निळ्या रेषेच्या आतलं क्षेत्र आणि त्याच्या मधोमध, कोरडा, एक चौकोन. त्या चौकोनात अण्णांच्या वाटणीचं रान होतं. मी घरी कागद पसरून बसले होते तेव्हा अण्णा चष्मा कपाळावर चढवून वाकले होते.

"हे आपलं?"

"हो."

"आणि हे निळं सगळं पाण्यातलं?"

"हो."

"बघ," ते म्हणाले होते, "मुनिमहाराजांना नमस्कार करून आलो ते फुकट नाही गेलं. बेट काढून दिलंय आपल्याला."

अण्णा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. सगळी नोकरी सरकारी क्वार्टरमध्ये गेली. तिथल्या भिंतींना आधीच्या माणसांनी मारलेले खिळे असायचे, त्यांनाच आमचे कपडे लटकायचे. आईनं कधी नवा खिळा मारला नाही. "उद्या बदली झाली की काढायला कोण येणार," म्हणायची. निवृत्तीनंतर भाड्याची खोली झाली, आणि आई गेली तीही त्या खोलीतच. त्यानंतर अण्णांना एकच नाद लागला. रानात घर. दोन खोल्या, पुढं सोपा, वर माझ्यासाठी एक खोली. परवानगीचा अर्ज ते तलाठ्याकडे घेऊन गेले तेव्हा तलाठी म्हणाला, "पूररेषा येऊ द्या, मग बघू." तेव्हापासून ते पूररेषेची वाट बघत होते. पोरीचं लग्न ठरायची वाट बघावी तशी.

ते माझंही ठरलं होतं, मोडलंही होतं. त्यावर आम्ही बोलत नसू.

मला त्या बेटाचे कोपरे खुपत होते. काटकोनात वळलेले. पाणी बांधाबांधानं वळत नाही. आणि फोटो काढले होते ऐन थंडीत, ऊस डोक्यावरून वर गेलेला असतो तेव्हा. उपग्रहाला जमीन दिसत नाही, जमिनीवर जे उभं असतं ते दिसतं. त्यानं शेंडे पाहिले आणि तीच जमीन धरली, असा माझा अंदाज होता. शेजारच्या रानांत तेव्हा नुकती लावण झाली असणार, म्हणून ती खरी होती तेवढीच खाली राहिली.

पट्टी धरणारा आमचा गडी सकाळीच तापानं फणफणला. जीपवाला त्याला तालुक्याला दवाखान्यात घेऊन गेला. अण्णा माझ्या चुलतभावाकडे, भूपालदादाकडे, मुक्कामाला आलेच होते. म्हणाले, "मी धरतो."

"अण्णा, वजनदार आहे."

"अगं, खिलारी खोंड धरलेत मी सुई टोचताना. ही काय लाथ मारणार आहे?"

सकाळभर आम्ही दोन उसात काम केलं, त्यातला एक भूपालदादाचा. मी बांधावर दुर्बीण लावायची, अण्णांनी पट्टी घेऊन सरीतून आत जायचं. ते दिसेनासे व्हायचे. फक्त पाचटाचा आवाज. मग मी ओरडायचं, "उभी करा," आणि सरीच्या फटीतून पट्टीचा हातभर तुकडा दुर्बिणीत दिसायचा. लाल-काळे आकडे. पट्टी जमिनीवर टेकवून हळूच पुढंमागं डोलवायची, म्हणजे आकडा वाढतो आणि कमी होतो. सगळ्यात कमी आकडा तो खरा, कारण तेव्हा पट्टी ओळंब्यात असते. हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं. त्यांना ते जमलं.

दोन्ही उसांत मॉडेल माणसाच्या दीडपट उंचीनं चुकलं होतं.

दुपारी मोरीच्या सावलीत भूपालदादा भाकऱ्या घेऊन आला. शोभावैनीनं दही वेगळं बांधून दिलं होतं. दादा उभाच राहिला. त्याला माझं काम समजत होतं त्यापेक्षा जास्त गंमत वाटत होती.

"काय म्हणतंय तुझं मशीन?"

"उसाच्या शेंड्याला जमीन म्हणतंय."

दादा हसायला लागला. "घ्या काका! बांधा आता बंगला शेंड्यावर. खाली ऊस, वर तुम्ही. पाणी आलं तरी भ्या नको."

"तुझ्या रानात चूक निघाली म्हणून माझ्यात निघंल असं नाही," अण्णा म्हणाले. "माझं रान उंचवट्यावर आहे. माझा आजा म्हणायचा."

"पणजोबा म्हणायचे, की त्या रानाला पाणी चढत नाही. मोटंचं पाणी चढत नाही म्हणत होते, काका. पुराचं नव्हे."

"तू जेवायला घातलंस ना? आता जा बघू."

दादा भाकरीचं फडकं झटकून गेला. अण्णा दही कालवत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "किती यायला पाहिजे?"

"काय?"

"पट्टीवर. आपल्या रानात. किती आलं म्हणजे पास?"

मी वहीत बघितलं. सकाळी बांधाच्या कडेवरून अंदाज घेतला होता. थोडक्याचाच फरक होता. "दुर्बीण बांधावर त्याच जागी ठेवली तर, दोनच्या खाली आलं पाहिजे. दोन मीटरच्या खाली आलं तर रान रेषेच्या वर. दोनच्या वर गेलं तर रान खाली."

"उलटं कसं?"

"पट्टी जितकी खड्ड्यात, तितका दुर्बिणीसमोर तिचा वरचा आकडा येतो."

त्यांनी हातातला घास तसाच धरून डोळे मिटले, मनात चित्र काढून बघितलं. "म्हणजे पट्टी वर, तर आकडा कमी."

"हो."

"बरं," ते म्हणाले, आणि घास खाल्ला.

उन्हं कलायला लागल्यावर आम्ही आमच्या रानाकडे गेलो. दिवस मावळायच्या आत जेवायचा अण्णांचा नेम होता, त्यामुळे तेवढं एक वाचन झालं की थांबायचं असं ठरलं. बांधावर मी तिकाटणं रोवलं. हात भरून आले होते. गावामागून गाव असं किती दिवस चाललं होतं ते मी मोजणं सोडलं होतं. रात्री डोळे मिटले तरी लाल-काळे आकडे दिसायचे.

अण्णा उसाच्या कडेला जरा थांबले. "इथं येणार सोपा," म्हणाले. "तोंड पूर्वेला." मग पट्टी पुढं करून आत शिरले. पाचट मोडत गेलं, आणि मग काहीच ऐकू आलं नाही.

"अण्णा, बरोबर मधे पोचलात का?"

"पोचलो."

"उभी करा."

दुर्बिणीत हिरवं सगळं. मग पट्टीचा पांढरा तुकडा आला, आणि त्याच्यावर एक पान आडवं.

"थांबा हं. पान आलंय मधे."

"वाच की लवकर."

हे लवकर माझ्या कानात राहिलं. अण्णा कधी लवकर म्हणत नसत. बैलाच्या खुरातला काटा काढतानाही नाही. मी दुर्बीण सोडून सरीत गेले, वाकून ते पान मोडलं. पुन्हा दुसरं खाली आलं, तेही मोडलं. सरीच्या त्या टोकाला अण्णा दिसत नव्हते, नुसते उभे ऊस. परत बांधावर आले, डोळा लावला.

एक पंच्याण्णव.

दोनच्या खाली. रान रेषेच्या वर होतं. नकाशावरचं बेट आकारानं लहान झालं असतं, पण राहिलं असतं. मी पेन्सिल उचलली.

"डोलवा जरा," मी सवयीनं म्हणाले.

पट्टी डोलली नाही. आकडा मात्र हलत होता. एक पंच्याण्णव, एक त्र्याण्णव, सत्त्याण्णव, पुन्हा पंच्याण्णव. डोलणाऱ्या पट्टीचा आकडा असा हलत नाही. तो सावकाश वाढतो, सावकाश उतरतो. हा बारीक हलत होता, वर आणि खाली. एखादं दमलेलं जनावर श्वास घेतं तसा.

जमिनीवर टेकलेली पट्टी वर-खाली होत नाही.

मी डोळा काढला नाही. दुर्बिणीत पट्टीच्या त्या हातभर तुकड्याखेरीज काहीच नव्हतं. हात दिसत नव्हते, पाय दिसत नव्हते. त्यांनी ती कशी धरली असेल ते मला दिसलं तरीही. कोपरं बरगड्यांना टेकवून. खोंडाची मान धरायचे तशी. मी दोन पानं मोडेपर्यंत ते तसेच उभे होते.

"झालं का गं?" उसातून आवाज आला. आवाज दाबलेला, दात आवळून काढलेला.

सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. पुन्हा पंच्याण्णव, त्यांनी जोर लावून परत वर ओढली होती.

"अण्णा," मी म्हणाले.

"काय?"

"टेकवा खाली."

कुठंतरी लांब पाण्याची मोटर चालू होती, तेवढाच आवाज. पट्टी होती तिथं राहिली, अजून बारीक हलत. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही. मग आकडे सरकायला लागले. एकदम नाही. दोन झाले, दोन पाच, दोन अकरा. दोन बावीसवर पट्टी थांबली आणि मग एकदम स्थिर झाली, खांबासारखी.

थोड्या वेळानं, मी न सांगता, त्यांनी ती पुढंमागं डोलवली. नीट, सावकाश, शिकवली होती तशी.

मी दोन बावीस लिहिलं.

ते बाहेर आले तेव्हा गालावर पात्याचे दोन ओरखडे होते आणि सदरा पाठीला चिकटला होता. पट्टीचं बूड चिखलानं भरलं होतं. त्यांनी ते गवतात पुसलं, पट्टी माझ्याकडे दिली, आणि म्हणाले, "चल. शोभा वाट बघत असंल. दिवस बुडायच्या आत जेवायला पाहिजे."

जेवताना भूपालदादानं विचारलंच. "काय निघालं काका? वर का खाली?"

"खाली," अण्णा म्हणाले. "आमटी वाढ जरा."

दादानं शेंड्यावरच्या बंगल्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

नकाशावरचं बेट गेलं. नवीन नकाशात तिथं सलग निळं होतं. अण्णांनी तो कागद मागितला नाही, मीही दाखवला नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते माझ्याकडे पुण्याला राहायला आले. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, माझ्या नावावरचा, हप्त्यांचा. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी हातोडी मागितली आणि आईच्या फोटोसाठी हॉलमध्ये खिळा मारला. खालच्या मजल्यावरच्या बाई दुपारची झोपमोड झाली म्हणून भांडायला आल्या. अण्णा म्हणाले, "बाई, आणखी दोन आहेत. आत्ताच मारून घेऊ का उद्या?"

दर पावसाळ्यात ते भूपालदादाला फोन करत. पाणी आलं का रानात? नाही, काका. बरं. बरीच वर्षं हेच चाललं. मग एका वर्षी दादा म्हणाला, आलं. किती? गुडघाभर. अण्णांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "गुडघाभरच. मी जोतं कमरेएवढं घेणार होतो." आणि पेपर वाचायला लागले.

सबनीस सरांना त्या दिवसाची गोष्ट कुठून कळली ते मला माहीत नाही. भूपालदादानं जीपवाल्याला सांगितली असेल. पट्टी उचलल्याचं कुणालाच माहीत नव्हतं. मी वडिलांच्या रानात मोजायला गेले आणि आलेला आकडा लिहिला, एवढंच. पण सर ती नव्या मुलांना शिकवताना सांगायचे. फेब्रुवारीत अण्णा गेले तेव्हा सर भेटायला आले. वय झालंय त्यांचं, काठी घेऊन जिना चढले. खोलीत बसलेल्या माणसांना म्हणाले, "ही मुलगी बघा. स्वतःच्या बापाचं घर गेलं, पण आकड्याशी खोटं बोलली नाही." लोकांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाचे कप गोळा केले.

मोजणीच्या त्या दिवशी जेवण झाल्यावर आम्ही दोघं फाट्यावर जीपची वाट बघत उभे होतो. उजेड अजून होता. सामान पायाशी. अण्णा दोन्ही हात समोर धरून बोटं उघडझाप करत होते.

"दिसलं का गं तुला?" त्यांनी विचारलं. "तिथनं?"

"नाही. आकडा हलत होता."

"असं होय." "किती उचलली होती मी?"

"वीतभर. थोडी जास्त."

"एवढीच? मला वाटलं गुडघ्याएवढी असंल." त्यांना स्वतःचंच हसू आलं, मग ते गेलं. "मग तेवढ्यानं काय झालं असतं?"

मी खोटं बोलू शकले असते. "पास झालं असतं," मी म्हणाले.

"पास?"

"एक पंच्याण्णव आलं होतं. दोनच्या खाली."

जीप अजून दिसत नव्हती. सडकेवरून एक सायकलवाला गेला, त्यानं अण्णांना रामराम केला, अण्णांनी हात वर केला आणि खाली घेतला. तो लांब जाईपर्यंत ते थांबले.

"मग बोललीस कशाला?" ते म्हणाले. रागानं नाही. खरोखरच कळत नसल्यासारखं. "लिहून टाकायचं होतंस. मी धरली होती की."

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. बोटं अजून थांबली नव्हती.

"अण्णा," मी म्हणाले, "तुमचे हात थरथरत होते."